आले बाई एकदाची

“दोन भाषांमुळे पोरीचा गोंधळ होतोय, असं बालवाडीच्या बाई म्हणाल्या,” आजोबांच्या मुलाने समोरच्या वाचातज्ज्ञ बाईंना एका दमात सांगून टाकलं. “घरात एकच भाषा बोला म्हणाल्या.”

आजोबांनी मांडीवरची टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. एकच भाषा म्हणजे कुठली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सूनबाईची, शाळेची, रस्त्यावरची. ती आजोबांना दुकानापुरती यायची. सुई वाकलीये, पट्टा सैल झालाय, परवा या, एवढ्यावर त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालत होतं. पण एवढ्या भांडवलावर नातीशी काय बोलणार, कपाळ? या बाईंनी आज नुसती मान डोलावली, की आजोबांच्या तोंडाला कुलूप.

नात टेबलाखाली लाकडी घोड्याला झोपवत होती. तीन वर्षांची. मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरगर फिरायची म्हणून आजोबा तिला बॉबिनच म्हणत. फिरायची पुष्कळ, बोलायची मात्र मोजकं.

बाई फतकल मारून तिच्याशेजारी बसल्या, बराच वेळ खेळल्या. मग सूनबाईला म्हणाल्या, “तुम्ही फक्त तुमच्या भाषेतले शब्द धरताय. यांच्या भाषेतलेही धरा. दोन्ही मिळून पोरगी अजिबात मागे नाही. बोलू द्या सगळ्यांना आपापलं.”

सूनबाईने इतका मोठा श्वास सोडला, की घोडा पडतो की काय असं वाटलं. आजोबांनी टोपी डोक्यावर घातली. बाईंचं कुतूहल मात्र संपलं नव्हतं. “आजोबांच्या भाषेत ती चुका कुठल्या करते?”

मुलाने प्रश्न आजोबांना त्यांच्या भाषेत सांगितला, आणि पुढचंही तोच इकडचं तिकडे करत राहिला. आजोबा हसले. “ती मुलासारखं बोलते हो! मी आलो, मी जेवलो, मी पडलो. पोरीच्या जातीने आले, जेवले म्हणायला नको?”

बाईंनी कान टवकारले. “तुमच्यात बाई आणि पुरुष वेगळं बोलतात?”

“म्हणजे काय! बोलायलाच हवं.”

“मग तुमची भाषा तिच्याशी कोण कोण बोलतं?”

“मी. सुट्टीच्या दिवशी हा.”

“आणि बायका?”

घरात ती भाषा बोलणारी बाईच नव्हती. होती ती आजी, बॉबिनच्या जन्माआधीच गेली. माणूस गेलं हे त्यांना ठाऊक होतं, पण तिच्याबरोबर घरातली अर्धी भाषा निघून गेली, हे आज कळलं.

“मग ही चूक नाहीच,” बाई म्हणाल्या. “जे ऐकलं ते तिने बरोब्बर उचललंय. टोकू नका. फक्त बाईचं बोलणंही कानावर पडू द्या.”

पडू द्या म्हणे! ती काय वाण्याकडे मिळणारी वस्तू होती? आजूबाजूला आपल्या भाषेतली एकही बाई नाही. आजोबा दोन दिवस विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी मशीनच्या सुईत दोरा ओवता ओवता त्यांची ट्यूब पेटली. सुई! ती सुई!

“मी सुई,” त्यांनी आवाज बारीक केला. “मी खाली गेले. मी वर आले. आई गं, मी अडकले!”

दुकानात पायाशी खेळणारी बॉबिन खिदळली. “परत!”

तेव्हापासून दुपारभर दुकानात सुई बोलायला लागली. मग कात्री बोलली, पेटी बोलली, रुसलेली मोटर असती तर तीही बोलली असती, पण ही मशीनं पायाची होती. खोड अशी लागली, की एकदा रात्री मुलाने ताट वाढायला घेतलं तर आजोबा सहज म्हणाले, “मी जेवले रे.”

मुलगा डाव हातात धरून बघतच राहिला. “बाबा, बरं आहे ना?”

एका दुपारी सुईचा प्रवास फार लांबला. ती गेली, आली, वाकली, दमली, आणि आजोबांच्या तोंडून निघून गेलं, “आले बाई एकदाची!”

हे सुईचं नव्हतं. बाजारातून आल्यावर पिशवी दारात टेकवून बायको रोज हेच म्हणायची, आणि आजोबा तिला पाणी आणून द्यायचे. अगदी हाच हेल. आजोबांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्यांना तिची फार आठवण आली.

“परत!” बॉबिन म्हणाली.

“आज नको गं. सुई झोपली.”

पुढे काही दिवस बॉबिन दुकानात येताना ‘आलो’ही म्हणेना, ‘आले’ही म्हणेना, नुसतीच घुसायची. आजोबांनी टोकलं नाही.

मग एकदा सूनबाई तिला बालवाडीतून दुकानात घेऊन आली. बॉबिन पुढे पळाली. तिने दप्तर उंबऱ्यातच टेकवलं, कमरेवर हात ठेवला आणि हाश्श करून म्हणाली, “आले बाई एकदाची!”

मागे सूनबाई थबकली. शब्द तिला कळले नाहीत, सूर कळला. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूच्या तोंडून हे घरात रोज ऐकू यायचं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

आजोबा सुई, कात्री सगळं विसरले. गुडघ्यावर हात देऊन उठले.

“बस,” ते म्हणाले, “पाणी आणतो.”