डबल बेल

एसटीच्या कंडक्टरकीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी गंगापूरच्या फेऱ्यांवर. गाडी कुठं थांबते, का थांबते, कधी सुटते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तरीही त्या दुपारी सिडकोतल्या घरात मोबाइल हातात धरून मी पुरता चक्रावलो होतो.

मोबाइल बायकोचा, गीताचा. आमची प्रेरणा शिकायला स्कॉटलंडला आहे. तिच्या कॉलेजनं परदेशी मुलांची बसची सहल काढली होती, डोंगर-तळी बघायला. निघताना तिनं आईला लाइव्ह लोकेशन पाठवलं. नकाशावर तिच्या फोटोचा छोटा गोल ठिपका, आणि तो सरकत होता. गीता गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखायला निघाली आणि जाताना मोबाइल माझ्या हातात कोंबून गेली.

"बघत बसा. पोरगी तुमची बी हाय."

हा टोमणा होता. आठ महिने मी प्रेरणाशी बोललो नव्हतो. अर्ज, परीक्षा, व्हिसा सगळं तिनं परस्पर उरकलं आणि तारीख ठरल्यावर मला सांगितलं. दर सुट्टीत माझ्या गाडीत येऊन घंटीची दोरी मीच ओढणार म्हणून हट्ट करणारी पोर, आणि स्वतः निघताना बापाला विचारलं नाही. माझं डोकं फिरलं. मी विमानतळावर गेलोच नाही. पुढं राग उतरला, पण बोलायला सुरुवात कुठून करायची ते सापडेना. तिचा फोन आला की मी चप्पल घालून बाहेर पडायचो.

तर ठिपका सरकत होता आणि सव्वादोनला थांबला. मी नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला. गाव नाही, फाटा नाही, हॉटेल नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. गाडी फेल पडली म्हणावं तर दुसरी गाडी पाठवायला इतका वेळ? टायर बदलायला पंधरा मिनिटं पुष्कळ. मग काय? चाळीस मिनिटांनी ठिपका आपोआप हलला, जणू काही झालंच नाही. ही कसली सहल आणि हा कसला ड्रायव्हर, मला काही उमगेना.

साडेतीनच्या सुमारास ठिपका रस्ता सोडून निळ्यात शिरला.

निळा रंग म्हणजे पाणी, एवढं मला कळतं. आपला पैठणचा नाथसागर मोबाइलवर असाच दिसतो. मी चष्मा पुसला. पूल असेल म्हणून रेघ शोधली, रेघ नव्हती. ठिपका पाण्यात आत आत जात राहिला आणि मधोमध जाऊन थांबला. बस पाण्यावरून जाते कशी? जात नसेल, तर मग...

पुढचं मी मनात येऊ दिलं नाही. फोन लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या नावावर माझं बोट पडलं, आणि फोन लागेना. सहा वेळा लावला, सात वेळा लावला. मोबाइल घेऊन मी गच्चीवर गेलो. गीता सावलीला बसून कबुतरं हाकलायला ताटलीवर चमचा बडवत होती.

"कुठवर गेली पोरगी?"

"घाटात हाय," मी म्हणालो. "रेंज नाय तिथं."

"मंग पाय तरी बघून टाका. दोन कुरडया मोडल्या."

मी बाजूला सरकलो. तिला सांगावं की नाही, तेच कळत नव्हतं. सांगणार तरी काय, पोरगी पाण्यात दिसतेय म्हणून? ठिपका तसाच. एका बापानं आपल्या पोरीशी आठ महिने बोलू नये, असं काय मोठं घडलं होतं, ते त्या घटकेला मला आठवेना. मी परत लावला. परत. आणि एकदाची रिंग गेली.

"हां आई, बोल."

मी मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"आई? ऐकू येतंय ना?"

"मी हाय," मी म्हणालो.

ती घाबरून ओरडली, "अण्णा? आईला काय झालं?"

"आईला काय होतंय! तू कुठं हायेस? पाण्यात काय करतीस?"

"बोटीत हाय, अण्णा. अख्खी बस बोटीत चढवतात इथं. मधी रेंज गेली होती."

बस बोटीत. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. गीताचा चमचा थांबला होता.

"आन् मघाशी चाळीस मिनिटं? गाव ना फाटा, तिथं काय करत होता?"

"गाईड म्हणला, चला. मी माणसं मोजली, तेहतीसच भरली. एक पोरगा फोटो काढत टेकडीमागं गेला होता. मी म्हणलं, तो आल्याबिगर गाडी हलणार नाय. लई चिडले सगळे." ती थांबली. "तुम्ही मोजायचे तशीच मोजते मी. दर थांब्याला."

डोळे भरून आले ते गीताला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं. तिला दिसलंच.

"अण्णा, बोट लागली. आम्ही परत गाडीत बसलोय. चौतीस हायेत, मोजले." तरी ती फोन ठेवेना. मग हळूच म्हणाली, "तवा तुम्हाला न विचारता निघाले मी. ते लई लागतं मला अजून."

मी गीताच्या हातातला चमचा घेतला, मोबाइल ताटलीजवळ धरला आणि दोनदा वाजवला.

टण् टण्.

पलीकडून गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

"निघते, अण्णा," ती म्हणाली.

ठिपका पाण्यातून बाहेर आला आणि रस्त्याला लागला.