संदेशची अरबीची वही

मी एक जुनी वही आहे. दोनशेपानी, आखीव, कडक पुठ्ठ्याची. जुनी म्हटलं तरी माझं वय अवघं अडीच-तीन वर्षांचं. पण मित्रांनो, वही वयाने म्हातारी होत नाही, हाताळण्याने होते. माझे कोपरे दुमडलेत, पाठीला चिकटपट्टी लावलेली आहे आणि पानापानांत गव्हाचं पीठ बसलंय.

कारखान्यात आम्हा बाराजणींचा एक गठ्ठा बांधला होता. तो कल्याणच्या एका दुकानात आला. माझ्या अकरा बहिणी शाळेच्या दप्तरांत गेल्या. मला मात्र आंबिवलीच्या संदेशने उचललं. तो एसी दुरुस्तीची कामं करायचा आणि त्याला आखातात नोकरी लागणार होती. पहिल्या पानावर त्याने ठळक अक्षरात 'अरबी' असं लिहिलं, तेव्हा मला फार मोठेपणा वाटला. गणिताच्या वह्या काय, घरोघरी असतात.

दर रविवारी तो मला घेऊन माजिवड्याला जाई. तिथे एका सोसायटीच्या ऑफिसात बाबुराव शिकवायचे. बाबुराव मूळचे कोलशेतचे. त्यांनी अठरा वर्षं आखातात ट्रक चालवला होता. तिथे ते काय शिकले, तर मालकाने सांगितलेलं ऐकायला. तआल म्हणजे ये, रूह म्हणजे जा, शील म्हणजे उचल, गूल म्हणजे बोल. ते स्वतःच हसून सांगायचे की माझी अरबी हुकमांची आहे. पुढे परत आल्यावर त्यांनी पुस्तकं आणून बाकीचं व्याकरण जमवलं, आणि ते मात्र मन लावून शिकवलं.

त्यांची पद्धत सोपी होती. रोजच्या वापरातलं एक वाक्य घ्यायचं आणि ते उलगडायचं. 'अल-बेत कबीर', म्हणजे घर मोठं आहे. संदेशने त्यातलं 'आहे' शोधून शोधून डोकं खाजवलं. अरबीत ते नसतंच. घर मोठं, पाणी थंड, झालं वाक्य. बेत म्हणजे घर आणि बेती म्हणजे माझं घर. वलद म्हणजे मुलगा आणि वलदी म्हणजे माझा मुलगा. शम्स म्हणजे सूर्य, आणि तो तिकडे स्त्रीलिंगी. दोन वस्तूंसाठी तर वेगळंच रूप. शहर म्हणजे महिना आणि शहरेन म्हणजे दोन महिने. संदेशला गंमत वाटायची. त्याने माझी एकशे चाळीस पानं भरली.

जून महिन्यात तो गेला. मला इथेच ठेवलं. बॅगेचं वजन जास्त भरत होतं आणि त्याला सगळं पाठ झालं होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कपाटावर जुन्या पत्रिकांच्या खाली मी पाच महिने पडून होते.

नोव्हेंबरमध्ये त्याची आई शेवंती हिने मला खाली काढलं. संदेशने कंपनी सोडली होती. शहरापासून लांब एका शेतावर तो पाण्याचे पंप सांभाळायला लागला होता. त्याचा स्वतःचा फोन बंद झाला होता, म्हणून तो शेताच्या मालकिणीच्या फोनवरून बोलत होता. त्याने आईला सांगितलं की हा नंबर लिहून ठेव, म्हातारीचा आहे, ती फक्त अरबीच बोलते. शेवंतीने तो नंबर माझ्या शेवटच्या पानावर लिहिला.

डिसेंबरपासून त्याचे फोन थांबले. का थांबले, ते मला आजही ठाऊक नाही. शेवंतीने लावला की पलीकडून ती म्हातारी काहीतरी विचारायची, शेवंती नुसतं 'संदेश, संदेश' म्हणायची आणि फोन कट व्हायचा. ज्या एजंटने पाठवलं होतं त्याच्या गाळ्याला कुलूप लागलं होतं. शेवंतीने ठिकठिकाणी अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या माझ्यात ठेवल्या. अर्जाचं काय झालं विचारलं की चौकशी चालू आहे एवढंच कळायचं.

जानेवारीच्या अखेरीस ती मला घेऊन बाबुरावांकडे गेली. त्यांनी लगेच फोन लावला. पण मित्रांनो, माणूस घाबरला की जे पहिल्यांदा शिकलेलं असतं तेच तोंडातून येतं. बाबुरावांच्या तोंडून हुकूम निघाला. संदेश कुठे आहे, बोल, असं ते दरडावल्यासारखं बोलले. म्हातारीला वाटलं असेल पोलीस आहेत की काय. तिने फोन ठेवला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तर तिने उचलून एक शब्दही ऐकला नाही. बाबुराव खाली मान घालून बसले.

कल्याणला अरबी जाणणारे दुसरेही होते. पण शेवंतीला आता पुरुषाचा आवाज नको होता. ती म्हणाली, "भाऊ, मला शिकवा. बाईचं बाई ऐकेल."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. माझं पुन्हा नशीब उघडलं होतं. शेवंती सातवी शिकलेली. ती डोंबिवलीच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. मला पिठाच्या डब्यावर उभं करून ती लाटता लाटता वाचायची. अल-माय बारद, पाणी थंड. अश-शम्स हार्रा, ऊन कडक. बाजूच्या बायका हसायच्या, पण आठवड्याभरात त्याही पाणी देताना 'बारद' म्हणायला लागल्या.

तिची धाकटी मुलगी शिवानी कॉलेजात होती. तिला हे सगळं पटत नव्हतं.

"आई, तीन शब्द तर बोलायचेत. लाव ना आजच फोन. काय होणारे?"

"चुकले आणि तिने परत ठेवला तर? नंबरच बदलला तिने, मग कुणाला विचारू मी?"

बाबुरावही म्हणाले, "घाई नको करू, बाय. पाया पक्का होऊ दे." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्या दोघांचं झालं होतं. आणि खरं सांगते, मीही त्यांच्याच बाजूची होते. पहिल्या पानापासून कुणीतरी मला नीट वाचतंय, याचं मला सुख होतं. मधलंच पान उघडून एखादं वाक्य घोकणाऱ्यांचा मला तिटकारा होता.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. माझ्यातली सगळी वाक्यं पुरुषांनी पुरुषांशी बोलायची होती, ती बाबुरावांनी बाईशी बोलायची करून दिली. तदरी म्हणजे तुला ठाऊक आहे, आणि समोर बाई असली की तदरीन. शेवंतीला ते पटकन समजलं. आपल्याकडेही जातोस आणि जातेस असतंच की, ती म्हणाली. मग त्यांनी मिळून सहा वाक्यं बसवली. सलाम, मग माफी, मग ओळख, मग मुलाची चौकशी, तुम्हाला काही ठाऊक आहे का, आणि शेवटी आभार. ती सहाही तिला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती.

एप्रिलच्या मधल्या रविवारी, दहा आठवड्यांनी, बाबुरावांसमोर तिने फोन लावला. मी तिच्या मांडीवर उघडी होते. शिवानी तिला टेकून बसली होती.

पलीकडून आवाज आला आणि शेवंतीची सहाच्या सहा वाक्यं पळाली. माझ्याकडे बघायचंही तिला सुचेना. कसाबसा तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "अना उम्म संदेश. वलदी... वेन?"

मी संदेशची आई. माझा मुलगा कुठे? ना सलाम, ना माफी. 'वेन' म्हणजे कुठे, तो शब्द आधी हवा होता, तोही शेवटी गेला.

म्हातारीने फोन ठेवला नाही. लहान मुलाला सांगावं तसं हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "राह. कबल शहरेन. मा अदरी वेन."

बाबुरावांनी अर्थ सांगायला तोंड उघडलं. शेवंतीने हाताने त्यांना थांबवलं. तिला सगळं समजलं होतं. गेला. दोन महिन्यांपूर्वी. कुठे ते ठाऊक नाही.

दोन महिन्यांपूर्वी म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. बाबुरावांनी जानेवारीत तीनदा फोन केला तेव्हा तो तिथेच होता. शेवंती माझ्या पहिल्या पानांवरचं 'पाणी थंड' घोकत होती, तेव्हाही तो तिथेच होता. शिवानी फोन लाव म्हणाली त्या दिवशीसुद्धा. हे सगळं त्या खोलीत प्रत्येकाने मनात मोजलं असणार. शिवानीने आईला एका शब्दाने दुखवलं नाही. बाबुराव उठून दाराशी गेले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. मला त्या दिवशी माझी सगळी पानं कोरी व्हावीत असं वाटलं.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. संदेशचा पत्ता नाही. चौकशी अजून चालूच आहे.

मित्रांनो, वस्तूने आपली कहाणी सांगितली की शेवटी ती म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला खूप जपलं. खाकी कव्हर घातलं, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मी काय कामाला आले? माझं एवढंच मागणं आहे. ज्याची काळजी वाटते त्याच्याबद्दल आजच विचारा. मोडकंतोडकं विचारा, चुकीचं विचारा. समोरचा रागावेल, हसेल, फोन ठेवेल. ठेवू द्या, पुन्हा लावा. नीट बोलायला शिकेपर्यंत थांबू नका. वहीने हे सांगणं शोभत नाही, पण मीच सांगायला हवं.

शेवंती अजून दर शुक्रवारी त्या नंबरवर फोन लावते. म्हातारी उचलते, तिची विचारपूस करते आणि तेच उत्तर देते. हल्ली शेवंतीचं एकही वाक्य चुकत नाही.