तांड्यातल्या दोन रुक्माबाई

निलम कळमनुरीतल्या एका संस्थेत कंत्राटी कामाला होती. काम एवढंच, कॉम्प्युटरमधल्या नोंदींतून याद्या काढायच्या. दिवसभर खोलीत ती एकटी. चहाला तिला कुणी बोलवायचं नाही, आणि आपणहून जायचा तिला संकोच.

मोतीबिंदूच्या शिबिराची यादी काढली तर प्रत्येक नाव दोनदा आलं. साहेबांची घाई चाललेली. निलमनं क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञेत, डिस्टिंक्ट टाकलं. नाव, गाव, जन्मतारीख जुळली की ओळ एकच. यादी कशी चकाचक, एक्केचाळीस नावं! ओळी मुळात दुप्पट का झाल्या, हे बघायला तिला उसंत कुठली?

शिबिराची गाडी वारंगा फाट्यावरून नांदेडला गेली, त्याच दुपारी एक म्हातारी काठी टेकत दारात आली.

"रुक्माबाई रामसिंग. गाडीत न्हाई घेतलं मला."

"नाव तर आहे यादीत, मावशी."

"ते दुसरीचं. आमच्या तांड्यात ह्या नावाच्या दोघी हायेत. तिचं पोरगं संगं होतं, ते बोललं. माह्याकडून कोन बोलनार?"

निलमनं मूळ नोंदी उघडल्या. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी, सालही तेच. तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना तारीख सांगता येत नाही, लिहिणारे एक जानेवारी टाकून मोकळे होतात. निलमच्या बापाचीही तीच होती. हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांच्या तपासण्या वेगळ्या लिहिल्या होत्या, म्हणून ओळी दुप्पट. नावावर जायचंच नव्हतं, नोंदणी क्रमांकानं माणूस धरायचा होता. तसं केल्यावर बेचाळीस आले.

"चूक माझी आहे, मावशी. पुढचं शिबिर तीन महिन्यांनी. तुमचं नाव आत्ताच टाकते. सोबत कोण येणार?"

म्हातारीनं नकारार्थी मान हलवली.

"सोबतीचं नाव भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही हो."

"मंग तिच्याच पोराचं लिव्ह," म्हातारी हळूच म्हणाली. "त्याची माय रुक्माबाई, बाप रामसिंग. कागदावर बराबर माहाच दिसंल. त्याला इचारू नको फकस्त."

निलमनं कीबोर्ड पुढं ओढला. तिनं विचारलं, "नाव काय त्याचं?"

"रतनसिंग," म्हातारी म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

निलमनं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' टाकलं. कॉम्प्युटरनं काहीच हरकत घेतली नाही.