सात की नऊ

बाळाच्या गालावरची ती पट्टी – नळी हलू नये म्हणून लावलेली, नखाएवढी – एका टोकाला सुटत आली होती, आणि तिच्याखालचं कातडं लाल झालं होतं... नर्सला सांगावं का? पण नर्स आकडे लिहिण्यात गुंतली होती. आई काचेच्या पेटीशी उभी होती; आत तिचा मुलगा, तीन दिवसांचा, यंत्राच्या तालावर श्वास घेत होता. दर श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. त्याचं रडणं तिनं अजून ऐकलं नव्हतं.

काल डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. बाळानं पोटातच शी केली, घुसमटून श्वास ओढला, आणि ती गर्भातल्या पाण्याबरोबर फुफ्फुसात गेली. “डिंकासारखी चिकट असते. बारीक नळ्यांत अडकते. हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही. आतून सूज येते. आणि फुफ्फुसातले हवेचे फुगे मिटू नयेत म्हणून आत एक पातळ थर असतो, तोही ती निकामी करते.”

शी! जन्मल्यावर दोन तासांनी, दुपट्यात केली असती, तर सगळे हसले असते, कुणीतरी नाक मुरडलं असतं, मी ओल्या फडक्यानं पुसून घेतली असती...

दोन तास. सकाळी सातला अंगावरून पाणी गेलं तेव्हाच चादरीवर हिरवट डाग होता. आणि दवाखान्यात विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं – नऊला. का? कुणी रागावेल म्हणून? शाळेत उशीर झाल्यावर सांगावं तसं – इतक्या सहज...

“कागद पुन्हा नीट करतेय,” डॉक्टरीणबाई शेजारी येऊन म्हणाल्या. “पाणी नऊलाच गेलं ना?”

“हो.”

“सातला,” मागून सासूबाई म्हणाल्या. “हिरवं होतं. मी पाहिलं. मीच म्हटलं हिला, थांब, माझा मुलगा येईल गाडी घेऊन. पहिलटकरणीला वेळ लागतो म्हटलं.”

डॉक्टरीणबाईंनी नऊ खोडून सात लिहिलं. “तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “पण शी त्याआधीच आत गेलेली असू शकते. ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

त्या गेल्या. सासूबाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. “तू थांबलीस ते माझ्यामुळं,” म्हणाल्या.

माझ्यामुळं... तीन दिवस हे ओझं तिनं एकटीनं उराशी धरलं होतं, दुसरं काही धरायला मिळालं नव्हतं म्हणून. आणि आता तेही कुणी अर्धं मागून घेत होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी राग आला – सासूबाईंचा, गाडीचा, स्वतःचा, की डॉक्टरीणबाईंच्या त्या काहीच न सांगणाऱ्या ‘कुणालाच’चा, हे तिला उमगेना, पण तो ऊन होता, जिवंत होता, आणि त्याच्याबरोबर तिच्या छातीत दूध दाटून येत होतं.