माझे पाय कापले त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आमच्या घरातही आता मला सगळे स्टूलच म्हणतात. पूर्वी पिण्याच्या पाण्याचा हंडा चार पायांच्या उंच लाकडी बैठकीवर ठेवत, तिला घडवंची म्हणत. तेव्हा माझी उंची मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढी होती. आता गुडघ्यालाही लागत नाही. म्हातारपणी माणसे थोडी वाकतात. माझे पाय मात्र चक्क करवतीने कापले गेले.

माझा जन्म अंधेरीजवळच्या मरोळचा. दशरथ, म्हणजे आमच्या घरातले आजोबा, तिथल्या एका कारखान्यात मालाच्या पेट्या ठोकायचे. मोडलेल्या पेट्यांची फळकुटे साहेबांना विचारून घरी आणली आणि त्यांनी मला घडवले. माझ्या बैठकीच्या खालच्या अंगाला अजून काळ्या शाईत 'ही बाजू वर' असे छापलेले आहे. ते इतकी वर्षे जमिनीकडे तोंड करून आहे, पण त्याबद्दल कुणी तक्रार केलेली नाही.

दशरथच्या हातची वस्तू डुगडुगत नसे. काम झाले की ते तिच्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवत आणि बाजूला एक टिचकी मारत. पाणी सांडले, तर पुन्हा पाय तासायला बसत. मी पहिल्याच टिचकीला पास झाले. त्यांची बायको विमला तेव्हा शेजारणींना बोलावून मला दाखवत होती. मीही थोडी फुगले होते, खोटे कशाला बोलू?

चाळीतल्या खोलीत माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. सकाळी माझ्या डोक्यावर हंडा, दुपारी पोटमाळ्यावरचे डबे काढायला मी, गणपतीत तोरणे बांधायला मीच. मग चाळ पडली, तिथे इमारत उभी राहिली आणि घरात चोवीस तास नळ आला. हंडा भंगारात गेला. मी गॅलरीत गेले. डोक्यावर कोरफडीची कुंडी आली आणि ऊन-पाणी खात मी उभी राहिले. कामाला आले की कौतुक, काम संपले की गॅलरी. तशी ही रीत सगळीकडचीच आहे.

दशरथ आणि विमलाचा मुलगा देवेश, त्याची बायको श्रुतिका आणि त्यांची मुलगी ऋतिका. ऋतिका तीन वर्षांची झाली तरी आजीच्या हातून जेवायची. विमला वाटी घेऊन तिच्या मागे घरभर फिरे, एक घास काऊचा, एक घास चिऊचा. पाणीही विमलाच पाजे, बूटही तीच घाली. पोरीचे हात नुसते मिरवायला होते.

श्रुतिकाने मोबाइलवर मॉन्टेसरी पद्धतीचे, म्हणजे मुलांना आपली कामे आपणच करू देण्याचे, व्हिडिओ पाहिले आणि घरात ठिणगी पडली. देवेशने महागडी लाकडी खेळणी मागवली. विमलाने ती लगेच काचेच्या शोकेसमध्ये मांडली आणि कुलूप लावून किल्ली फ्रिजवर ठेवली.

"आई, ती तिला खेळायला आणलीत," देवेश म्हणाला.

"एवढी चांगली खेळणी खराब करायला देऊ? पाहुणे आले की काढू ना."

ऋतिका मग कुकरच्या झाकणाशीच खेळत राहिली. श्रुतिकाने कपाळाला हात लावला. शोकेसचा नाद सोडून ती म्हणाली, "खेळणी राहू देत. तिला घरातलंच काम करू द्या. पण तिचा हात ओट्याला पोचत नाही." आणि तिची नजर गॅलरीत माझ्यावर पडली.

माझ्यावर ऋतिकाला उभे करणे धोक्याचे होते, मी फार उंच. पाय कापायला सुतार बोलवायचे ठरले. दशरथ पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्या हातची वस्तू आहे. कापायची तर मीच कापीन." त्यांनी मला आडवे केले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि करवत चालवली. मला दुःख झाले, मित्रांनो. उंची हेच तर माझे सगळे मोठेपण होते. कापून झाल्यावर त्यांनी भरलेला पेला ठेवून टिचकी मारली. पाणी हलले, सांडले नाही. पायांचे जे चार ठोकळे उरले ते ऋतिकाने उचलले आणि त्यांचा बंगला केला. शोकेसमधल्या खेळण्यांकडे तिने नंतर ढुंकूनही पाहिले नाही.

मी ओट्यापाशी आले. ऋतिका माझ्यावर चढून पेले विसळू लागली, छोट्या तांब्यातून पाणी ओतू लागली. अर्धे पेल्यात, अर्धे माझ्यावर. विमला फडके घेऊन धावे, की श्रुतिका म्हणे, "आई, हात मागे. सांडलंय तर तीच पुसेल. मदत करायची, पण तिचं काम आपण करायचं नाही."

विमला एकदा रडली. "नातीला माझ्या हातचा घास नको, मग मी या घरात कशाला आहे गं?" श्रुतिकाने मोड आलेल्या वालांचे पातेले तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, "तिला बिरडं सोलायला शिकवा ना. मला कुठे येतं?"

आमचे घर मूळचे माणगावकडचे. तिकडे कडव्या वालाच्या बिरड्याशिवाय सण होत नाही. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि दोन बोटांत हलकेच दाबायचे, की सालीतून डाळिंबी बाहेर उडी मारते. विमलाने पदराच्या टोकात हात गुंडाळून मागे धरले आणि नातीला नुसते सांगत राहिली. ऋतिका शिकली. विमलाही शिकली, पण तिला जरा जास्त वेळ लागला.

मग दशरथना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून घरी आले आणि सगळे घर त्यांच्या सेवेला लागले. विमला भरवी, देवेश बटणे लावी, श्रुतिका पाणी पाजी. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बजावले होते, "हात वापरला नाही तर तो कायमचा जाईल." पण समोर आपले माणूस धडपडत असताना कुणाला बघवते? दशरथ बोलेनासे झाले. ज्या हाताने मला घडवले तो हात मांडीवर पडून असे आणि त्याच्याकडे कुणी पाहत नसे, ते स्वतःही नाही. मी ओट्यापाशी उभी राहून हे पाहत होते. मला फार वाईट वाटत होते.

एका रविवारी वाल भिजवले होते. ऋतिकाने मला फरफटत आजोबांच्या खुर्चीपाशी नेले, माझ्यावर वालांचे पातेले ठेवले, शेजारी रिकामी वाटी ठेवली. "आजोबा, तुम्ही सोला."

विमला पुढे सरसावली. "अगं, त्यांना नाही जमायचं बाळा, दे इकडे."

"आजी, हात मागे."

विमला जागीच थांबली. दशरथनी नातीकडे पाहिले आणि उजवा हात उचलला. पहिला वाल निसटून पलंगाखाली गेला. दुसरा साल न निघताच चुरडला. देवेश दारात येऊन उभा राहिला, श्रुतिकाने गॅस बंद केला. ऋतिका मांडी घालून बसली होती. तिने 'शाब्बास' म्हटले नाही, 'असे नाही, तसे' म्हटले नाही. ती नुसती थांबली होती. थांबणे ही त्या घरातली सगळ्यात अवघड विद्या होती आणि ती सगळ्यात लहान माणसाला येत होती.

कितीतरी वेळाने एक डाळिंबी सालीतून सुटली आणि टुणकन वाटीत पडली. विमलाचे डोळे वाहत होते, पण ते पुसायलाही तिने हात पुढे आणले नाहीत. ऋतिकाने पातेले जरा जवळ सरकवले, एवढेच.

त्या दिवशी बिरडे अंमळ उशिरा झाले. दशरथ आपल्या हाताने जेवले, निम्मे माझ्यावर सांडले. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलून माझ्यावर ठेवला. पाणी सांडले. किती तरी दिवसांनी ते हसले. म्हणाले, "ही नाही डुगडुगत. मी डुगडुगतोय."

ऋतिकाने त्यांच्या हातात फडके दिले.

आता त्यांचा हात पेन्सिल धरण्याइतका सुधारला आहे. ऋतिकाही वाढते आहे. टाचा उंचावल्या तर तिचा हात माझ्याशिवाय ओट्याला पोचतो. लवकरच मी पुन्हा गॅलरीत जाईन, कोरफड डोक्यावर घेऊन. मला त्याचे दुःख नाही. एक दिवस ऋतिकाला मी लागू नये, म्हणून तर दशरथनी माझे पाय कापले.

एवढीच विनंती, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी लहान किंवा कुणी म्हातारे बटण लावत बसले असेल, तर उशीर होतो म्हणून झडप घालू नका. हात मागे घ्या आणि थांबा. आणि माझ्यासारखी एखादी घडवंची गॅलरीत असेल, तर तिला पावसात भिजू देऊ नका. घरात पुन्हा कुणाला तरी थोडी उंची कमी पडणारच आहे.