चारची चौकट

खुर्ची रिकामी होती. डोक्यावर पंखा फिरत होता आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात चौकट उभी होती : ‘बाबा, दुपारची गोळी घ्या.’

शाळेतून आलेली मैत्रेयी पर्स न उतरवताच मागच्या दारापर्यंत जाऊन आली. न्हाणीघर रिकामं. पुढचं फाटक सताड उघडं.

“आजोबा तर कवाच गेले की, म्याडम,” समोरच्या सरजाबाई ओट्यावरून म्हणाल्या. “म्या इच्यारलं, तर म्हणले, विमलेला आणायला जायलोय पोखर्णीला.”

सकाळी सासऱ्यांनी विचारलं, “विमला कुठं गेली गं?” तेव्हा मैत्रेयीनंच सांगितलं होतं, “पोखर्णीला गेल्यात आई, नरसिंहाच्या दर्शनाला.” खरं सांगायचा तिला धीर झाला नव्हता. विमलाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि ते खरं ऐकलं की व्यंकटराव दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळत.

तिनं जिंतूरला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला, केयूरला फोन लावला. “बाबा एकटेच निघून गेलेत. मी बसस्टँडवर जायलेय.”

स्टँडवरून पोखर्णीवरून जाणारी गंगाखेडची गाडी केव्हाच सुटली होती. पांढरा सदरा, हातात पिशवी, उंच म्हातारे... कंट्रोल रूममधला माणूस मान हलवत राहिला. तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

“मी तानुबाई बोलायले, पोखर्णीहून. देवळापाशी फुलं विकते. एक म्हातारबुवा हाईत, त्यांच्या खिशात ह्यो नंबर घावला. बायांच्या रांगेत घुसून एकेकीच्या तोंडाकडं बघायलेत. माणसं लय चिडलीत, बाई. बिगी या.”

रिक्षानं पोखर्णी गाठेपर्यंत मैत्रेयीनं रस्त्याकडं पाहिलंच नाही. व्यंकटराव तानुबाईच्या पाटाशेजारी बसले होते. सदऱ्याची बाही फाटली होती. कुणीतरी ओढलं असावं.

“आलीस?” ते म्हणाले. “हिला जरा आवाज दे. गर्दीत मला दिसंना झालीय.”

व्यंकटरावांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत कारकुनीत गेली. बोललेलं ते आता विसरत, पण लिहून आलेलं मानत. म्हणून केयूरनं त्या चौकटींची सोय केली होती. दिवसभर ते कॉम्प्युटरवर वर्तमानपत्रं वाचत बसायचे. वाचता वाचता ठरल्या वेळी पडद्यावर आपोआप चौकट यायची : गोळी घ्या, गॅस बंद आहे का बघा, पाणी प्या. ते मोठ्यानं वाचत, खालचं ‘ठीक आहे’ दाबत आणि उठून तेवढं काम करत.

त्या संध्याकाळी केयूर पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसला. मैत्रेयीनं मागून वाचलं : ‘आई मागच्या वर्षी वारली. तिला शोधायला बाहेर जाऊ नका.’ वेळ दुपारी चारची. रोज.

“हे नको लावूस.”

“मग काय करू? उद्या रस्त्यात गाडीखाली आले म्हणजे?” केयूरचा आवाज चढला. “आज मारलंच असतं लोकांनी त्यांना. तू खोटं सांगितलंस म्हणून गेले ना?”

त्यानं चौकट लावली.

व्यंकटराव खरंच घराबाहेर पडले नाहीत. चारला चौकट आली की मात्र वाचून ते उठत, न्हाणीघरात जात आणि कुणी गेल्याचं कळल्यावर करतात तसं डोक्यावरून थंड पाणी घेत. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. थंडीचे दिवस. त्यांचा खोकला छातीत उतरला. मैत्रेयी शाळेतून धावत येई, तोवर ते ओल्या अंगानं दक्षिणेकडं तोंड करून बसलेले असत.

“एक दिवस सुट्टी काढ,” ती केयूरला म्हणाली. “चारला घरी थांब. मग काय ते ठरव.”

केयूर थांबला. बाबा कापसाच्या भावाची बातमी वाचत होते. चौकट आली. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या शब्दानंतर आवाज बंद झाला. बाण ‘ठीक आहे’वर जाऊन थांबला.

“केयूर,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “ह्याला ठीक आहे म्हणायचं का रे?”

केयूर उठून त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला.

“तुला माहीत होतं?”

“हो, बाबा.”

“तू होतास का तिच्यापाशी?”

“होतो.”

“मी?”

“तुम्ही पण होतात. तिचा हात तुमच्याच हातात होता.”

व्यंकटरावांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. काही आठवेना. मग मुलाचा चेहरा दिसला तसे ते उठले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. “रडू नकोस. मी हाय ना तुला.” आणि बादली घ्यायला आत गेले.

केयूरनं त्यांना धरून परत आणलं, अंगावर शाल घातली, निजवलं. मग पडद्यापुढं बसून त्यानं ती चौकट काढून टाकली. तिच्या जागी लिहिलं : ‘आई पोखर्णीला आहे. मी तिला आणायला गेलोय. तुम्ही घरीच थांबा. – केयूर.’

मैत्रेयी दारात उभी होती. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “तुला त्या दिवशी उगाच बोललो.”

दुसऱ्या दिवशी केयूर जिंतूरहून परतला तेव्हा अंधारून येत होतं. व्यंकटराव स्वेटर घालून फाटकाच्या आत उभे होते. त्यांनी त्याच्या मागं, रस्त्यावर लांबपर्यंत पाहिलं.

“नाही आली?”

“उद्या येते म्हणाली.”

“बरं.” त्यांनी फाटकाची कडी काढली. “तिला तिथं करमायलंय का रे?”

“करमतंय, बाबा.”

“मग राहू दे. घाई करू नको तिला.” त्यांनी मुलाच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली. “तू दमून आलास. चल आत.”

केयूर बुटाची नाडी सोडायला पायरीपाशी वाकला आणि बाबा आत जाईपर्यंत तसाच वाकून राहिला.