तळ्यातली वाटणी

शेलूबाजारच्या हायवेवरचं एक लॉज बंद पडलं, तेव्हा त्याच्या मॅनेजरने जगदेवला फोन केला. काचेच्या टाकीतले मासे घेऊन जा, नाहीतर नालीत सोडतो, म्हणाला. जगदेव त्या लॉजला वांगी आणि पालक पुरवत असे, आणि त्याच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं. एवढ्या दोन गोष्टींवर माणूस मत्स्यपालक होतो.

मासे मोजकेच, पण एकेक जेवणाच्या ताटाएवढा. बहुतेक ऑस्कर जातीचे, काळ्या अंगावर विस्तवाचे डाग पडल्यासारखे. एक तेवढा फ्लॉवरहॉर्न. त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. बरकत येते म्हणून मॅनेजरने त्याला गल्ल्याजवळ ठेवलं होतं. लॉज बुडालं, पण ते त्या माशाच्या कानावर कुणी घातलेलं दिसत नव्हतं. तळ्यात सोडल्यावर ज्या कोपऱ्यात तो जाई, तिथली मंडळी उठून दुसरीकडे जात. जगदेवने त्याचं नाव सभापती ठेवलं.

सगळ्यात म्हातारा ऑस्कर एका डोळ्याने आंधळा होता. त्याला जगदेवच्या आईने, चतुराबाईने, मामा म्हणायला सुरुवात केली.

जगदेवचे वडील गेल्यापासून चतुराबाई फारसं बोलत नसे. 'भाकर वाढली', 'गाय सोडली', एवढ्यावर तिचा दिवस निघे. पहिल्या दिवशी ती काठावर बसून गांडुळं टाकत होती. मामाने तिच्या बोटातून अलगद गांडूळ घेतलं आणि चांगला डोळा तिच्याकडे करून उभा राहिला. त्या दिवशी चतुराबाई दिवस बुडेपर्यंत बोलत होती. मग रोजच. वांग्याच्या वाफ्यात जगदेवला शब्द कळत नसत, लांब कुठे रेडिओ लागावा तसा नुसता आवाज यायचा. तो मुद्दाम जवळ जात नसे. जवळ गेलं तर रेडिओ बंद पडेल असं त्याला वाटे.

आणि सभापती मामाच्या मागे लागला. मामाची शेपटी झिजलेल्या दुपट्ट्यासारखी झाली. मामा गेला तर मायचं बोलणंही जाणार, हे जगदेवला कुणी सांगायची गरज नव्हती.

गावात भांडण मिटवायला नथ्थूभाऊ होते, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे आजवर एकही तंटा आला नव्हता, लोक थेट पोलीस ठाण्यात जात. जगदेवचा निरोप मिळताच ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

"भांडन कायचं हाय?"

"जागेचं."

"दोघं एकाच बापाचे?"

"नाई भाऊ. लॉजवरचे हायेत."

नथ्थूभाऊंनी गंभीरपणे मान हलवली. लॉजवरची भांडणं अवघड जातात, हा त्यांचा अनुभव असावा.

"मंग वाटनी करून टाका. हद्द ठरली का मानूस शांत होते."

प्लास्टिक फाटू नये म्हणून जगदेवने नथ्थूभाऊंच्या देखत तळाशी पोती टाकली, त्यांवर मधोमध दगडांचा बांध घातला. अलीकडे मामाला सिमेंटचा पाइप, पलीकडे सभापतीला फुटका रांजण. सभापती रांजणात शिरला, आतून एक फेरी मारली आणि तोंड बाहेर काढलं.

"आवडलं त्यायले," नथ्थूभाऊ म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

आतापर्यंत सभापती नुसता भांडखोर होता. आता त्याच्याकडे इस्टेट आली. सकाळी त्याने रांजण राखला, मग बांध राखला, दुपारपर्यंत पाइपही त्याचाच झाला. मामा एका कोपऱ्यात वाकडा होऊन पाण्यावर तरंगत राहिला. त्याने गांडूळ घेतलं नाही. चतुराबाई लवकर घरी आली.

"भाकर वाढली," ती म्हणाली. जगदेवने ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाळं घेऊन तळ्यात उतरला, तर मागून माय आली.

"काय करून राह्यला?"

"सभापतीले ड्रममंधी टाकतो. एकटाच राहीन तिथं."

तिने जाळं धरलं. "एकट्यानं काय होते, ते मले इचार," म्हणाली.

"मंग मामाचं काय करू माय?"

"तुह्या बहिनीच्या लग्नात तुहा बाप न तुहा काका भांडले काय? एकमेकायचं तोंड पाहत नव्हते ते."

"नाई भांडले."

"भांडाले सवड कोनाले होती? पंगतीवर पंगत बसून राह्यली होती. तू तळ्यात गर्दी कर. न तो रांजन काढ पहिले."

जगदेवने रांजण काढला, पाइप काढला, बांध मोडला. मग गावतलावाचा मासेमारीचा ठेका असलेल्या रामसिंगकडून ड्रमभर जिवंत चिलापी मासळी मोटरसायकलवर आणली.

"खायले?" रामसिंगने विचारलं होतं.

"नाई. पाहुने म्हनून."

रामसिंगने ड्रम मोटरसायकलला बांधून दिला.

सभापती एका चिलापीच्या मागे धावला. ती सापडायच्या आत दुसरी आडवी आली, दुसरीच्या मागे तिसरी. संध्याकाळी तो तळ्याच्या मधोमध नुसता तोंड उघडत-मिटत उभा होता, वऱ्हाड उतरल्यावर नवरीचा बाप उभा राहतो तसा. काही दिवसांत मामा सरळ पोहायला लागला. शेपटीला नवी कड फुटली.

नथ्थूभाऊ पाहणीला आले, तर रांजणात कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"माही वाटनी?"

"मोडली, भाऊ. एकत्र कुटुंब केलं."

नथ्थूभाऊंनी विचार केला. "पन तंटा मिटला ना?"

"मिटला."

"मंग समितीनंच मिटवला," ते म्हणाले आणि खुशीत गेले.

त्या दिवशी चतुराबाईने पाण्यात हात धरला तर चिलाप्यांची झुंबड उडाली. त्यातून मामा आला, गांडूळ घेतलं आणि गर्दीत परत गेला. थांबला नाही.

"आता त्याले कुठं सवड," ती म्हणाली.

ती उठून घरी जाईल म्हणून जगदेव पाहत राहिला. पण तिने बुडाखालचं पोतं थोडं सरकवलं.

"बस. तर मंग तुहा बाप पोहरादेवीच्या जत्रेत माह्यापासून हरवला. इथवर सांगून झालं होतं मामाले."

जगदेवला सुरुवात माहीत नव्हती. तो पोत्यावर बसला आणि मधूनच ऐकायला लागला.